कंदील कुणाच्या हातात

१

रविवारची जेवणं उरकली की मास्तर हॉलमधलं टेबल पुसायला घ्यायचा, आणि ताईला दर वेळी हसू यायचं. एरवी इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस त्या टेबलावर एक डाग शिल्लक ठेवायचा नाही. पुसून झालं की चौकटीचौकटींचा मोठा कागद अंथरायचा, त्यावर सोंगट्या मांडायच्या, बिस्किटांच्या जुन्या डब्यातून फासे काढायचे. स्वतःपुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा. आडोशामागे भुयाराचा पुरता नकाशा असायचा आणि तो त्याच्याशिवाय कुणी बघायचा नाही.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे हं. तो एका कचेरीत इमारतींचे आराखडे काढायचा. या खेळात जो गोष्ट सांगतो त्याला मास्तर म्हणतात, म्हणून तो मास्तर. पुढे पुढे घरातही तेच नाव चिकटलं. खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. समोर दार आहे, तुम्ही काय करता? कुणी म्हणणार लाथ घालतो, कुणी म्हणणार आधी कान लावते. मग फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. चाळिशीला टेकलेली, बरी शिकलेली माणसं यात दुपारच्या दुपार घालवतात, यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसत नसे.

खेळायला तिघं. एक ताई, मास्तरची थोरली बहीण, कुरिअरची व्हॅन चालवणारी. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि अजूनही तो बाहेर निघाला की ती रुमाल घेतलास का म्हणून विचारायची. खेळात ती चिचुंद्री नावाची चोरटी असायची. दुसरी दातांची डॉक्टर. तिची जादूगारीण कुठलाही मंत्र म्हणाली की आधी धूर निघायचा, म्हणून तिचं नाव धुराडी पडलं. तिसरा चावीवाला. गावभरची कुलपं उघडून देणारा हा गृहस्थ खेळात ढाण्या नावाचा दांडगा योद्धा होता आणि कुलूप दिसलं की दारच फोडायचा. सुट्टीच्या दिवशी मला कुलूप दाखवू नका, म्हणायचा. खेळणाऱ्यांच्या बाजूची चौथी खुर्ची रिकामीच. तिच्यावर सगळ्यांच्या पिशव्या.

या टेबलाचे काही नियम होते. मास्तरच्या तोंडून निघालं ते झालं, शब्द मागे घ्यायचा नाही. खेळणाऱ्याने विचार करायला वेळ घेतला तर त्याला घाई करायची नाही. त्याचं ठरलं की तो खुर्ची पुढे ओढतो, तोवर थांबायचं. आणि तिसरा नियम कंदिलाचा.

त्याचं असं झालं. मागे एकदा डॉक्टरीण आली नव्हती आणि तिच्या गैरहजेरीत तिचं आधीचं पात्र एका खड्ड्यात मेलं. बाई इतकी दुखावली की बरेच दिवस तिने यांचा फोन घेतला नाही. तेव्हा मास्तरने शब्द दिला होता: यापुढे जो गैरहजर, त्याच्या पात्राच्या हातात कंदील. ते सगळ्यांच्या मागून कंदील धरून चालणार, आणि कंदील धरणाऱ्याला कुणीही हात लावणार नाही. चावीवाल्याने पितळी नळीचा तुकडा कापून नखाएवढा कंदील घडवला. कुणी आलं नाही की तो त्या माणसाच्या सोंगटीशेजारी ठेवायचा, सगळे आले की डब्यात टाकायचा. किती साधी सोय! या सोयीने पुढे काय मांडून ठेवलंय, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

२

चूक मास्तरचीच, आणि तीसुद्धा सवयीची. मधले काही रविवार कुणी ना कुणी गैरहजर असायचंच. डॉक्टरीण परगावी, मग चावीवाला तापाने आडवा, मग ताईची जादा पाळी. त्यामुळे गोष्ट सांगताना मागून येणारा कंदिलाचा उजेड त्याच्या जिभेवर बसला होता. त्या रविवारी मात्र तिघंही वेळेवर हजर होते. भुयाराचा जिना उतरला आणि मास्तर नेहमीच्या ओघात म्हणाला, "मागून कंदिलाचा उजेड येतोय. तुमच्या तिघांच्या सावल्या तुमच्या पुढे पडल्यात."

ताईने फासा हातातच धरला. "तिघं इथे आहोत. मग कंदील कुणाच्या हातात?"

एकच हशा पिकला. मास्तर चांगलाच कात्रीत सापडला होता, आणि दर रविवारी सगळ्यांना कात्रीत पकडणारा हा माणूस तसा सापडला याचा तिघांना कोण आनंद झाला. चावीवाल्याने लगेच नियमावर बोट ठेवलं. बोललं ते झालं, आता निस्तर. मास्तरनेही हसून मान्य केलं की बरं बाबा, आहे कुणीतरी. डॉक्टरीण म्हणाली, वळून बघते. त्याने सांगितलं की उजेडामागचा चेहरा दिसत नाही. ताईने विचारलं, कोण रे तू? तर तो काही बोलत नाही, फक्त तुम्ही थांबलात की थांबतो.

ढाण्याने कंदील हिसकावून घ्यायचा ठरवलं. चावीवाल्याने फासा टाकला, मास्तरने त्या मागच्याच्या वतीने टाकला. मास्तरचा जास्त पडला.

"तो कंदील सोडत नाही," मास्तर म्हणाला.

डब्यातून पितळी कंदील काढून तिन्ही सोंगट्यांच्या मागे, एक चौकट सोडून, नुसताच ठेवला. त्याच्याशेजारी सोंगटी नव्हती. दुपार मजेत गेली आणि जाताना चावीवाला म्हणाला की मास्तरने बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवीन काढलं. आपण काही काढलेलं नाही, हे मास्तरने त्याला सांगितलं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

३

आराखडे काढणाऱ्या माणसाला उजेड कळतो. खिडकी कुठे आहे हे पाहून सावली कुठे पडणार, ते तो न बघता सांगतो. म्हणूनच मास्तरला ते आधी खटकलं.

टेबलाशी तो बसायचा तेव्हा हॉलची खिडकी त्याच्या समोर यायची आणि पाठीमागे बोळ. आतल्या खोलीकडे जाणारा, अरुंद, दिवा कधीचा गेलेला. बल्ब बदल म्हणून ताई रोज कटकट करायची आणि तो रोज उद्या म्हणायचा. एका दुपारी तो टेबलाशी बसून पुढच्या रविवारचं भुयार आखत होता. समोरून ऊन येत होतं. आणि त्याच्या डोक्याची फिकट सावली समोरच्या पुठ्ठ्यावर पडली होती.

तो वळला. बोळात काळोख होता. पुन्हा पुढे वळला तर सावली तशीच.

आता यात घाबरण्यासारखं काय? मास्तरने स्वतःलाच समजावलं. आतल्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचेचा कवडसा येत असणार. तो उठून आत गेला, खिडकीचा पडदा लावला, येऊन बसला. सावली होतीच. मग आतल्या खोलीतल्या आरशावर चादर टाकली. मग बोळाचं दार लावलं, आणि तेव्हा मात्र ती गेली. म्हणजे काहीतरी आतूनच येत होतं, एवढं सिद्ध झालं, आणि ते सिद्ध केल्याचा त्याला पश्चात्तापही झाला.

त्याने दाराला कान लावला. पलीकडे कुणी चालत नव्हतं, श्वास घेत नव्हतं. फक्त कंदिलाची कडी हातात हलते तसा एक बारीक कुरकुरता आवाज येत होता, आणि तो नळाच्या पाइपाचाही असू शकत होता. नक्कीच पाइपाचा. ताई घरी आल्यावर त्याने तिच्याकडून शिडी धरून घेतली आणि बोळातला बल्ब बदलला. तिने विचारलं की आज सूर्य कुठे उगवला. त्याने नुसतंच हसल्यासारखं केलं.

नवा बल्ब दोन दिवसांत गेला.

पुढच्या रविवारी कागद अंथरला, सोंगट्या मागच्या जागी लावल्या, आणि चावीवाल्याने विचारलं की कंदील पुढे कुणी घेतला. मधली ती मोकळी चौकट आता उरली नव्हती. कंदील चिचुंद्रीच्या सोंगटीला टेकून उभा होता. सोंगट्या मास्तरनेच लावल्या होत्या. त्याला वाटलं आपण लावताना चुकलो. बाकीच्यांना वाटलं मास्तरची काहीतरी योजना आहे, आणि तिघं एकमेकांकडे बघून खुशीत आली.

त्या दिवशी डॉक्टरीण खेळताना सारखी मास्तरच्या खांद्यावरून मागे बघत होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुमच्या घरात आतमध्ये अजून कोणी राहतं का? ताई म्हणाली, माझा भाऊ राहतो तेवढाच पुरे आहे.

४

त्याच्या पुढच्या रविवारी ताईला सकाळीच निघावं लागलं. डोंगरापलीकडच्या गावात दवाखान्याची औषधं तातडीने पोचवायची होती आणि दुसरा चालक मिळत नव्हता. दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "मी नाही, तेव्हा माझ्या चिचुंद्रीला कंदील दे. मारू नकोस तिला."

मास्तर हो म्हणाला. ती जिना उतरून गेली आणि मग त्याच्या लक्षात आलं की कंदील आधीच कुणाच्या तरी हातात आहे.

आता हसाल तुम्ही. पितळेचा नखाएवढा तुकडा तो. उचलून दुसऱ्या सोंगटीशेजारी ठेवला की झालं. मास्तरनेही सकाळभर हेच स्वतःला शंभरदा सांगितलं. त्याने ताईला फोन करून उगाचच विचारलं की रस्ता कसा आहे. ती म्हणाली, रस्ता आहे तसाच आहे, तू टेबल पूस.

दुपारी चावीवाला आणि डॉक्टरीण आल्यावर त्याने घसा खाकरून सांगितलं की आज कंदील चिचुंद्रीला द्यायचा आहे. चावीवाला नियमाचा पक्का. म्हणाला, देऊ की, पण मागच्याच्या हातात आहे ना तो, तो सोडत नाही असं तूच म्हणालास. तेव्हा फासा टाकून घ्यावा लागेल. डॉक्टरीण ताईच्या वतीने फासा टाकायला तयार झाली. टाकला, चांगला आकडा पडला; फाशावर त्याच्याहून मोठा एकच आकडा उरत होता. मास्तरने त्या मागच्याच्या वतीने टाकला. फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला आपटून थांबला. नेमका तो सगळ्यात मोठा आकडा.

चावीवाला जरा ओशाळून म्हणाला की जाऊ दे, एका दिवसाने काय होतंय. मास्तरने गोष्ट सुरू केली. पुढे एक फाटा आहे, म्हणाला. उजवी वाट वर चढते. डावी खाली जाते.

डावीकडच्या वाटेच्या टोकाला त्याने काय आखलं होतं ते फक्त त्यालाच ठाऊक होतं: कठडा नसलेली, तळ नसलेली विहीर. पात्रांनी तिकडे जाऊ नये म्हणून उजवीकडे त्याने भरपूर खुणा पेरल्या होत्या. ढाण्या आणि धुराडी शहाण्यासारखी उजवीकडे वळली. आणि मास्तरने पुढचं वाक्य उच्चारलं, ते आपण उच्चारणार आहोत हे त्याला ते ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.

"कंदील मागून पुढे आला. चिचुंद्रीला ओलांडून डावीकडे वळला. दुसरा उजेड नाही, म्हणून चिचुंद्री त्याच्या मागे चाललीय."

५

डॉक्टरिणीने विचारलं की हे काय, गैरहजर माणसाला वेगळं का काढलंस? शब्द दिलायस ना. तिचा आवाज चढला होता; जुनी जखम होती ती. मास्तर फोन शोधत होता. हाताला तो सापडत नव्हता, पुढ्यातच असून.

ताईने पहिल्याच घंटीला उचलला. आवाज शेजारच्या दोघांनाही ऐकू जाईल इतका घुमत होता, मध्येमध्ये तुटत होता, भोवती माणसं खोकत होती. ती परत येताना डोंगरातल्या बोगद्यात अडकली होती. पुढे कुठेतरी एका ट्रकने पेट घेतला म्हणे. बोगद्यातले दिवे गेले, धूर भरला. लोक गाड्या सोडून बाजूच्या सुटकेच्या वाटेने पायी निघाले होते. काळजी करू नकोस, म्हणाली.

"मोबाइलचा उजेड धुरात दोन हातांपलीकडे जात नाही रे," ती म्हणाली. "पण पुढे एक जण कंदील घेऊन चाललाय, त्याचा बरोबर दिसतो. आम्ही सगळे त्याच्यामागे आहोत. मी पहिली."

मास्तरने फोन कानाशी घट्ट दाबला. "ताई, चेहरा दिसतो का त्याचा?"

"उजेडामागे कसा दिसेल?" ती म्हणाली. आणि मग, कुणाशी तरी बोलल्यासारखं, "हो, हो, वळतेय. डावीकडे ना?"

मास्तर ओरडला की वळू नकोस, थांब तिथेच. पलीकडून खरखर तेवढी आली. ती चालतेय हे ऐकू येत होतं, तिची पावलं आणि तिच्या मागची पुष्कळ पावलं, आणि त्या सगळ्यांत कडीचा तो बारीक कुरकुरता आवाज. मास्तरला तो ओळखीचा होता. पाइपाचा नव्हता तो, कधीच नव्हता.

चावीवाल्याला मास्तरच्या नकाशातलं काही ठाऊक नव्हतं, पण मास्तरचा चेहरा पाहून त्याला पुरेसं कळलं. नियम गेला चुलीत म्हणून त्याने पितळी कंदील उचलला आणि चिचुंद्रीच्या सोंगटीशेजारी ठेवून दिला. फोनमधली पावलं थांबली नाहीत. त्याने तो उचलून डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं. पावलं चालूच. बोललं ते झालं होतं. कंदील त्या मागच्याच्या हातात होता आणि तो सोडत नव्हता.

नकाशावर विहीर किती दूर आहे ते मास्तरने बघितलं. बघायला नको होतं.

"कंदील गैरहजर माणसाचा असतो," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. ती मास्तरकडे बघत नव्हती, त्याच्या खांद्यावरून मागे बोळात बघत होती. "ताईसुद्धा गैरहजर, तोसुद्धा गैरहजर. पण त्याने आधी घेतलाय. तो आलाच नाही अजून, म्हणून त्याच्याकडे आहे."

मास्तरला सगळं एकदम समजलं, आणि समजलं ते त्याला अजिबात आवडलं नाही. एक मार्ग होता आणि तो नियमातलाच होता. बोळाचं दार आपण उघडं ठेवलं होतं की लावलं होतं, ते त्याला आठवेना. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. पुठ्ठ्यावर त्याची सावली पडली होती, आता चांगली काळीभोर.

लहानपणी दिवे गेले की ताई त्याचा हात धरून पुढे चालायची आणि म्हणायची, मी आहे ना पुढे, तू नुसता ये. तेवढं त्याला आठवलं. बाकी काही विचार केला नाही.

डॉक्टरीण न सांगता उठली. चौथ्या खुर्चीवरच्या पिशव्या तिने एकेक करून खाली ठेवल्या, आणि आपल्या ओढणीच्या टोकाने खुर्ची झटकून दिली.

"या," मास्तर म्हणाला. शब्द स्पष्ट होते. या टेबलावर ते स्पष्टच लागायचे. "बसा. तुम्ही आज हजर आहात."

६

पाठीमागचा उजेड गेला. पुठ्ठ्यावरची सावली पुसल्यासारखी नाहीशी झाली.

चावीवाल्याने डब्याचं झाकण काढलं, कंदील चिचुंद्रीच्या शेजारी ठेवला आणि हात मागे घेतला. मास्तर म्हणाला की कंदील चिचुंद्रीच्या हातात आहे, आणि कंदील धरणाऱ्याला कुणी हात लावत नाही. हे तो इतक्यांदा म्हणाला की शेवटी डॉक्टरिणीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

फोनमधली पावलं थांबली होती. मग ताईचा आवाज आला, गोंधळलेला. म्हणाली, अरे, त्याने कंदील माझ्याच हातात दिला आणि गेला की निघून. असा कसा जातो माणूस? मग तिच्या मागचं कुणीतरी किंचाळलं.

पुढे कठडा नव्हता. हवा यावी म्हणून डोंगरात खोदलेलं, खाली खोल उतरणारं ते उभं भोक होतं, त्याची जाळी कधीची निघालेली. कंदील तिच्या हातात आला तेव्हा तिला तो काठ दिसला. ती आणखी एक पाऊल टाकणारच होती. ती माघारी वळली, सगळ्यांना वळवलं, फाट्याशी आली आणि उजवीकडची चढती वाट धरली. ती बाहेर पडेपर्यंत मास्तरने फोन कानाचा काढला नाही. उन्हात आल्यावर ती आधी खोकली आणि मग म्हणाली की येते मी, चहा टाक.

मास्तर हमसाहमशी रडला. चावीवाला उठून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाकघर बोळाच्या तोंडाशीच होतं, तरी तो भिंतीला धरून लांबून गेला. येताना त्याने पाण्याचे चार पेले आणले. टेबलाशी आपण तिघंच आहोत, असं तो पेले ठेवून झाल्यावर म्हणाला, पण चौथा पेला त्याने परत नेला नाही.

चौथ्या खुर्चीकडे तिघांपैकी कुणी सरळ बघत नव्हतं. एखादा अनोळखी पाहुणा समोर बसला की आपण त्याच्याकडे टक लावत नाही, तसंच होतं ते. मास्तरने स्वतःला विचारलं की खुर्ची रिकामी दिसतेय ना? दिसत होती. मग तिच्याकडे पाठ करायची हिंमत का होत नाही?

७

ताई आली तेव्हा खिडकीतलं ऊन अजून गेलं नव्हतं. केसांत काजळी, तळहातावर कडीचा काळा वळ. मास्तरने तिला मिठीच मारली, आणि तिनेही त्याला थोपटलं, पुरे रे, आहे मी, म्हणाली. कंदील कुठे आहे विचारल्यावर म्हणाली की बाहेर आले आणि बघते तर हातात नाही. गर्दीत कुणीतरी घेतला असेल. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

"काही बोलला का तो?" मास्तरने विचारलं.

ताईने आठवून बघितलं. "एवढंच म्हणाला की मला बोलावणं आलंय, निघतो. खूश वाटला रे. कधीपासून वाट बघत असावा."

चावीवाला आणि डॉक्टरीण निघायची गोष्ट करत नव्हती. जिना उतरण्यापेक्षा इथे एकत्र बसलेलं बरं, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलं होतं. ताईच म्हणाली की मला आता झोप लागायची नाही, अर्धवट राहिलंय ते पुरं करू. तिने आपली पिशवी खांद्यावरून काढली. दर रविवारी ती चौथ्या खुर्चीवर टाकते, तशी टाकायला गेली, हात मध्येच थांबला, आणि तिने पिशवी खाली ठेवली.

"जरा सरकता का?" ती सहज म्हणाली, त्या खुर्चीच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरून पलीकडे गेली, आणि आपल्या जागेवर बसली.

ताईने सोंगट्या पाहिल्या, चिचुंद्रीजवळचा पितळी कंदील उचलला आणि डब्याकडे हात नेला. मास्तर पटकन म्हणाला की राहू दे तो, आज नको ठेवूस आत. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो लहानपणी खुळ्यासारखं काही बोलला की बघायची.

"कशाला? सगळे आलेत की आज," ती म्हणाली, आणि कंदील डब्यात टाकून तिने झाकण लावलं.

आता या घरात कंदील कुणाच्याच हातात नव्हता. मास्तर आपल्या जागेवर बसला. समोर खिडकी, पाठीमागे बोळ, आणि बोळ आता नुसता बोळ होता, हे त्याला मागे न बघताही कळत होतं. फाट्यावर पुन्हा सगळे एकत्र आला आहात, त्याने सांगायला घेतलं. आवाज हळूहळू जागेवर आला. ढाण्याला विचारलं, तो काय करतो. चावीवाला म्हणाला, थांबतो. धुराडीला विचारलं, तीही थांबते म्हणाली. चिचुंद्री अर्थातच पुढे जाऊन बघते म्हणाली.

मग एक जण उरला. हजर माणसाला विचारायचं नाही, असं या टेबलावर कधी झालं नव्हतं, आणि बोलावणारा तर मास्तर स्वतःच होता.

"आणि तुम्ही?" मास्तरने विचारलं. "तुम्ही काय करता?"

घाई करायची नाही हा नियम होता, म्हणून चौघंही हात मांडीवर ठेवून थांबली. खाली रस्त्यावरून एक मोटार गेली. ताईने पाण्याचा चौथा पेला थोडा पलीकडे सरकवला, लागेल म्हणून.

मग चौथी खुर्ची फरशीवर घासत पुढे ओढली गेली.